ध्वनिमिश्रणातील नित्याचे प्लगइन आणि हिंदुस्थानी कंठसंगीत : एक विवेचन

प्रस्तावना

संगणकावर संगीताचे ध्वनिमुद्रण व ध्वनिमिश्रण करणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाजवळ काही साधने अशी असतात की, रचना कोणतीही असो, ती साधने जोडल्यावाचून त्याचे काम सुरू होत नाही. या साधनांना ‘प्लगइन’ म्हणतात. प्लगइन म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या मुख्य संगणकप्रणालीत बाहेरून बसविता येणारी लहान उपप्रणाली होय. मुद्रित झालेला आवाज एका बाजूने तिच्यात प्रवेश करतो, त्यावर गणिती संस्कार होतात आणि संस्कारित आवाज दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. इस्राएलमधील वेव्हज या कंपनीने १९९२ मध्ये बाजारात आणलेले क्यू१० हे इक्वलायझर पहिले व्यावसायिक ध्वनी-प्लगइन मानले जाते. पुढे १९९६ मध्ये जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने ‘व्हीएसटी’ हा जोडणीचा संकेत तयार केला व लवकरच तो इतर निर्मात्यांनाही खुला केला. त्यामुळे एका कंपनीच्या प्रणालीत दुसऱ्या कंपनीचे प्लगइन चालू लागले आणि या साधनांची संख्या झपाट्याने वाढत गेली.

आज बाजारात हजारो प्लगइन उपलब्ध असूनही प्रत्यक्ष व्यवहारात नित्य वापरली जाणारी साधने मोजक्याच जातींची आहेत. आवाजातील खर्ज-तीव्र अंशांचे प्रमाण बदलणारे इक्वलायझर, लहान-मोठा आवाज आटोक्यात ठेवणारा कंप्रेसर, कृत्रिम घुमारा देणारा रिव्हर्ब, स्वर जागेवर आणणारे स्वरशुद्धीचे साधन, पार्श्वभूमीचा गोंगाट काढणारे साधन आणि शेवटी संपूर्ण मिश्रणाची पातळी उंचावणारा लिमिटर. हा क्रम बहुतेक व्यावसायिक एकदाच आखून ठेवतात आणि प्रत्येक नव्या कामाच्या वेळी तो आयता उघडतात. वेळेच्या दृष्टीने ही सोय मोठी आहे, हे नाकारता येत नाही. तथापि प्रत्येक साधनाच्या आरंभीच्या मांडणीत, म्हणजे कोणीही हात लावण्यापूर्वी ते ज्या स्थितीत उघडते त्या स्थितीत, संगीताविषयीची काही गृहीतके दडलेली असतात. ही गृहीतके ज्या संगीतात जन्मली तेथे ती सहसा खटकत नाहीत. ख्याल, ठुमरी किंवा अभंगाच्या ध्वनिमुद्रणावर तीच साधने जशीच्या तशी चालविली असता काय घडते, याचा विचार मात्र फारसा झालेला दिसत नाही. प्रस्तुत लेखात या साधनांची पूर्वपीठिका व कार्यपद्धती स्पष्ट करून त्या अनुषंगाने हा विचार मांडला आहे.

जुन्या यंत्रांची नवी रूपे

प्लगइनच्या जगाशी प्रथमच परिचय होणाऱ्या अभ्यासकास एका गोष्टीचे नवल वाटते. अत्याधुनिक संगणकाच्या पडद्यावर जी चित्रे दिसतात ती साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या यंत्रांची असतात. तीच बोंडे, त्याच हलत्या काट्यांच्या मापन्या, काही वेळा तर पत्र्यावरचे ओरखडेसुद्धा! यामागे केवळ स्मरणरंजन आहे असे म्हणणे पुरेसे होणार नाही.

अमेरिकेतील पल्स टेक्निक्स या छोट्या कंपनीने १९५१ च्या सुमारास बनविलेले ‘पल्टेक’ इक्वलायझर हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात खर्जाचा अंश वाढविण्याचे एक बोंड व कमी करण्याचे दुसरे बोंड असते. एकाच वारंवारतेवर एकाच वेळी वाढही करावयाची आणि घटही करावयाची, ही कृती तर्काने निरर्थक वाटते. परंतु या यंत्रात वाढीचा आणि घटीचा आलेख एकमेकांवर तंतोतंत बसत नाही. परिणामी अगदी खालचा खर्ज भरदार होतो आणि त्याच्या किंचित वरचा, आवाज गढूळ करणारा पट्टा उतरतो. मंडलरचनेतून उद्भवलेला हा गुण ध्वनिमुद्रकांनी कानाने हेरला, त्याची पद्धत पडली, आणि आज त्या यंत्राच्या संगणकीय प्रतिकृतीत हा गुण मुद्दाम गणिताने घडवावा लागतो.

कंप्रेसरच्या बाबतीत ही गोष्ट अधिक रोचक आहे. कंप्रेसरचे काम साधे आहे. आवाज ठरावीक पातळीपलीकडे गेला की तो दाबावयाचा आणि खाली आला की सोडून द्यावयाचा. मात्र किती लवकर दाबावयाचा आणि किती सावकाश सोडावयाचा, यावर सर्व काही अवलंबून असते. जिम लॉरेन्स यांनी टेलिट्रॉनिक्स कंपनीसाठी तयार केलेल्या, १९६० च्या दशकातील एलए-२ए या यंत्रात येणाऱ्या आवाजाच्या प्रमाणात एक लहान पट्टी प्रकाशमान होते. तिच्यासमोर प्रकाशाने ज्याचा विद्युत्‌रोध बदलतो असा घटक बसविलेला असतो आणि त्याच्यामुळे आवाज दबतो. प्रकाश गेल्यावर हा घटक एकदम पूर्वस्थितीत येत नाही. निम्मा परिणाम अंदाजे ६० मिलिसेकंदांत ओसरतो आणि उरलेला ओसरण्यास एक सेकंदापासून पंधरा सेकंदांपर्यंत वेळ लागतो. किती वेळ आणि किती जोराचा प्रकाश पडला होता यावर तो वेळ ठरतो. म्हणजे या घटकाला मागच्या क्षणांची एक प्रकारची स्मृती असते. गाणाऱ्याचा आवाज या यंत्रातून ‘मऊ’ का भासतो, याचे कारण या स्मृतीत आहे. याउलट बिल पुटनम यांनी १९६७ मध्ये सिद्ध केलेला ११७६ हा ट्रान्झिस्टरवर आधारलेला कंप्रेसर २० मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागात, आवाज पकडू शकतो. १९५९ च्या फेअरचाइल्ड ६७० या यंत्रात तर वीस निर्वात नलिका होत्या आणि त्याचे वजन सुमारे तीस किलो भरे. ही सर्व यंत्रे आज प्लगइनच्या रूपाने सामान्य ध्वनिमुद्रकाच्या लॅपटॉपमध्ये एकत्र नांदतात.

तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ हा बोल या दोन कंप्रेसरांमधून वेगवेगळा ऐकू येतो. बोटाचा आघात पहिल्या काही मिलिसेकंदांतच संपतो. एलए-२ए ला जागे होण्यास साधारण दहा मिलिसेकंद लागत असल्याने आघात निसटून पुढे जातो व नंतरची आस दबते. ११७६ सर्वांत जलद मांडणीवर ठेवला तर आघातच बोथट होतो. येथे चूक-बरोबर असे काही नाही. पण आयता क्रम उघडणाऱ्याने यातले काय निवडले आहे, हे त्याला ठाऊक असावे लागते.

ख्यालगायनाच्या संदर्भात कंप्रेसरची खरी अडचण निराळी आहे. गायकाच्या ध्वनिग्राहकात तानपुऱ्याचा नाद थोडाफार उतरतोच. गायक तार षड्‌जावर आवाज लावतो तेव्हा कंप्रेसर सर्व काही दाबतो. त्यात तानपुराही दबतो. गायक श्वास घेण्यास थांबला की कंप्रेसर हात सैल करतो आणि तानपुरा वर उसळतो. अखंड वाहणारा आधारस्वर अशा वेळी धापा टाकल्यासारखा लहान-मोठा होऊ लागतो. पाश्चात्त्य गीतात अशा अखंड आधारस्वराची योजना क्वचितच असल्याने हा दोष तेथे सहसा जाणवत नाही.

अवकाशाची निर्मिती

रिव्हर्बचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय होईल. येथे त्यातील मुख्य टप्पेच पाहू. वर उल्लेखिलेल्या बिल पुटनम यांनीच १९४७ मध्ये हार्मोनिकॅट्स या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणासाठी स्टुडिओच्या स्नानगृहाचा घुमारा वापरला होता. १९५७ मध्ये जर्मनीत ईएमटी १४० हे यंत्र आले. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अवघी अर्धा मिलिमीटर जाडीची पोलादी पत्र्याची तबकडी चौकटीत ताणून बसवावयाची, तिला आवाजाने कंपित करावयाचे आणि ती कंपने पुन्हा टिपावयाची, अशी ही योजना होती. १९६० च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेतील मान्फ्रेड श्रोडर यांनी कृत्रिम घुमाऱ्याचे गणित मांडले आणि १९७८ मध्ये डेव्हिड ग्रिसिंगर यांनी लेक्सिकॉन २२४ हे अंकीय यंत्र सिद्ध केले. आजच्या लोकप्रिय रिव्हर्ब प्लगइनपैकी वल्हाला कंपनीचे व्हिंटेजव्हर्ब हे १९७० व १९८० च्या दशकांतील अशाच यंत्रांपासून प्रेरणा घेऊन २०१२ मध्ये आले.

प्रत्यक्ष वास्तूचा घुमारा उचलण्याची दुसरी पद्धत आहे. एखाद्या सभागृहात फुगा फोडला अथवा ठरावीक ध्वनी वाजविला आणि त्याचा प्रतिसाद टिपून ठेवला, की त्यावरून कोणताही आवाज त्या सभागृहात कसा ऐकू येईल हे गणिताने काढता येते. २००१ मधील अल्टिव्हर्ब हे या पद्धतीचे आरंभीचे प्लगइन होय. ही पद्धत खोली, सभागृह, पोलादी पत्रा यांना उत्तम लागू पडते. कारण त्यांचा प्रतिसाद आवाजाच्या जोरानुसार किंवा वेळेनुसार बदलत नाही. कंप्रेसरला मात्र ती लागू पडत नाही. एलए-२ए ची स्मृती एका नमुन्यात बंद करता येत नाही. त्यासाठी घटकांच्या वर्तनाची समीकरणेच मांडावी लागतात. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना रेषीय आणि अरेषीय प्रणालींमधील फरक वर्गात समजावून देण्यास याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण आहे.

रिव्हर्बच्या आयत्या मांडण्यांमध्ये दोन-अडीच सेकंद रेंगाळणारा सभागृहाचा घुमारा सर्रास आढळतो. विलंबित आलापाला तो शोभून दिसतो. द्रुत तानेत मात्र एका सेकंदात आठ किंवा अधिक स्वर येतात. मागच्या स्वरांचा घुमारा पुढच्या स्वरांवर साचतो आणि तानेचा दाणा नाहीसा होतो. बैठकीचे गाणे ज्या दिवाणखान्यांत वाढले तेथे गाद्या, गिरद्या, पडदे आणि माणसे असत. घुमारा फारच थोडा असे. त्या गाण्याला लागणारी भरणी तानपुऱ्याच्या आसेतून मिळे. असे असता ख्यालाच्या ध्वनिमुद्रणाला चर्चचा घुमारा देण्याची प्रथा कशी रूढ झाली, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

स्वरशुद्धी आणि स्वरस्थान

नित्याच्या साधनांपैकी सर्वाधिक वादग्रस्त साधन म्हणजे स्वरशुद्धीचे प्लगइन होय. ऑटो-ट्यून या नावाचे प्लगइन १९९७ मध्ये अँटारीज कंपनीने प्रसिद्ध केले. त्याचे जनक डॉ. अँडी हिल्डेब्रँड हे त्यापूर्वी खनिज तेलाच्या शोधाशी संबंधित क्षेत्रात काम करीत होते. जमिनीत ध्वनिलहरी सोडून त्यांच्या परावर्तनांवरून भूगर्भाची रचना ताडण्याच्या त्या कामात जे गणित वापरले जाते, त्याचाच एक भाग त्यांनी स्वर ओळखण्याकडे वळविला. आवाजाची लहर आणि तिचीच थोडी उशिरा सुरू होणारी प्रत एकमेकींशी ताडून पाहावयाची. ज्या विलंबाला दोन्ही सर्वाधिक जुळतात तो त्या स्वराचा आवर्तकाल. आवर्तकाल कळला की वारंवारता कळते, आणि वारंवारता कळली की ती जवळच्या ‘योग्य’ स्वराकडे सरकविता येते. हे सरकविणे किती वेळात व्हावे, हे ‘रीट्यून स्पीड’ या बोंडाने ठरते. ते शून्यावर ठेवले तर स्वर क्षणार्धात उडी मारतो. १९९८ मधील शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ या गीतात नेमका हाच परिणाम मुद्दाम वापरला गेला. गीताच्या निर्मात्यांनी आरंभी ही युक्ती लपवून वेगळ्याच यंत्राचे नाव पुढे केले होते!

येथे ‘योग्य’ या शब्दापाशी थांबणे आवश्यक आहे. प्लगइन उघडताच त्यात पाश्चात्त्य टेम्पर्ड सप्तकाचे बारा स्वर मांडलेले असतात. एका सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग, म्हणजे सेंट, कल्पिले तर प्रत्येक स्वर मागच्या स्वरापासून बरोबर १०० सेंटवर असतो. या सप्तकातील शुद्ध गंधार षड्‌जापासून ४०० सेंटवर येतो. उत्तम जुळलेल्या तानपुऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो मात्र सुमारे ३८६ सेंटवर असतो. हा १४ सेंटचा फरक लहान वाटेल. परंतु तानपुऱ्यासमोर गंधारावर ठेहराव करणाऱ्या गायकाला तो स्पष्ट बोचतो. भूपातील गंधार गायकाने स्वयंभू गंधाराशी मिळवून लावला, तर प्लगइनच्या लेखी तो उतरलेला स्वर ठरतो आणि त्याला वर ढकलले जाते.

याहून गंभीर बाब षड्‌जाची आहे. प्लगइनची आरंभीची मांडणी मध्यसप्तकातील ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्‌झ धरून केलेली असते. तानपुरा मात्र गायकाच्या गळ्याला आणि त्या दिवशीच्या हवेला अनुसरून कानाने जुळविला जातो. समजा, काळी एकचा षड्‌ज म्हणून जुळविलेला तानपुरा २० सेंट उतरलेला आहे. प्लगइनच्या हिशेबाने तो षड्‌ज १३८.६ हर्ट्‌झवर हवा. तानपुऱ्यात तो १३७ हर्ट्‌झवर आहे. गायक तानपुऱ्याशी अगदी एकरूप होऊन गातो. प्लगइन त्याचा स्वर ‘दुरुस्त’ करून १३८.६ वर नेते, तानपुरा जेथे होता तेथेच राहतो, आणि दोहोंमध्ये सेकंदाला दीडहून अधिक स्पंदने ऐकू येऊ लागतात. चौथ्या उपस्वरापाशी तर ती सेकंदाला सहाच्या पुढे जातात. सुरेल गायन बेसूर करण्याचे काम स्वरशुद्धीचे साधन करते. याचा उपाय प्लगइनमध्येच आहे. आधार वारंवारता बदलण्याची सोय त्यात दिलेली असते. परंतु आयता क्रम उघडून काम करणारा त्या बोंडाकडे सहसा वळत नाही.

यावर असे म्हणता येईल की, मग बावीस श्रुतींची मांडणी प्लगइनमध्ये द्यावी म्हणजे झाले. विशेष म्हणजे ऑटो-ट्यूनच्या निर्मात्यांनी भारतीय रागसंगीतासाठी म्हणून तशी एक मांडणी यादीत समाविष्ट केलेली आहे. तथापि तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. दरबारी कानड्याचा कोमल गंधार हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. तो स्वर एका बिंदूवर उभा राहत नाही. ऋषभाच्या बाजूने संथपणे झोके घेत तो आंदोलित होतो, आणि त्या झोक्यातच दरबारीची ओळख असते. प्लगइन मात्र प्रत्येक क्षणी विचारते की, हा स्वर २०० सेंटच्या ऋषभाच्या जवळ आहे की ३०० सेंटच्या कोमल गंधाराच्या? २५० सेंटची सीमा ओलांडताच त्याचे उत्तर बदलते. वेग जलद ठेवला तर आंदोलनाच्या जागी ऋषभ-गंधाराची पायरीदार अदलाबदल ऐकू येते. वेग मंद ठेवला तर झोका आखडतो. बारांऐवजी बावीस बिंदू दिले तर पायऱ्या लहान होतील, इतकेच. जी गोष्ट मुळात गती आहे तिचे वर्णन बिंदूंच्या यादीने होत नाही, मग ती यादी कितीही लांब असो. मींड, घसीट, कण यांनाही हेच लागू पडते.

संगीतशास्त्रातील मापनांनीही याला दुजोरा दिला आहे. नझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तसेच मार्क लेव्ही यांच्या १९८२ च्या ग्रंथात, हिंदुस्थानी कलावंतांची स्वरस्थाने प्रत्यक्ष मोजण्यात आली. एकाच कलावंताच्या एकाच रागातील स्वरस्थानही स्थिर राहत नसल्याचे त्यांत आढळले. पुढे १९८० च्या दशकात मुंबईच्या एनसीपीएमध्ये बर्नार्ड बेल, विम व्हॅन डर मेअर प्रभृतींनी स्वरांच्या चलनाचे आलेख काढण्याचे यंत्र वापरून जे काम केले, त्यातही लक्ष स्थानाऐवजी चलनावर केंद्रित होते.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ई. क्लेमेंट्स यांच्यासह श्रुतींना अनुकूल अशा हार्मोनियमचा पुरस्कार केला. ज्या नाट्यसंगीताने हार्मोनियमला घरोघरी पोहोचविले त्याच प्रांतात त्या वाद्याच्या टेम्पर्ड स्वरांविषयी इतकी चिकित्सा झाली, हे लक्षणीय आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये शिथिल केली. या काळात हार्मोनियम संपला नाही, आणि हार्मोनियममुळे दरबारीचा गंधारही संपला नाही. कारण हार्मोनियम गायकाच्या शेजारी वाजतो. गायक त्याच्यापासून हवे तेव्हा दूर जाऊ शकतो आणि जाणता साथीदार त्या जागी बोट उचलून घेतो. स्वरशुद्धीचे प्लगइन शेजारी बसत नाही, ते गळ्यात बसते. मुद्रणानंतर ते लावले जाते आणि त्या वेळी गायक बहुधा खोलीतही नसतो. हार्मोनियमच्या वादाशी त्याची तुलना करताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

सुगम संगीत, चित्रपटगीत किंवा लावणीचे नवे वाद्यवृंदसंयोजन यांची स्थिती वेगळी आहे. तेथे कीबोर्ड, गिटार आणि पुष्कळदा संपूर्ण वाद्यवृंद टेम्पर्ड स्वरांतच असतो, त्यामुळे गळाही त्याच्याशी जुळविणे सुसंगत ठरते. आक्षेप साधनावर नाही, ते सर्वत्र एकाच मांडणीत वापरण्यावर आहे. म्युनिकच्या सेलेमोनी कंपनीचे मेलोडाइन हे साधन या दृष्टीने अधिक उपयुक्त म्हणावे लागेल. पीटर नॉयबेकर यांनी घडविलेल्या या साधनात प्रत्येक स्वर पडद्यावर एखाद्या ठिपक्यासारखा दिसतो. स्वराचे केंद्र, त्यातील कंप आणि त्याचे सावकाश ढळणे या तीन गोष्टी वेगवेगळ्या हाताळता येतात. दरबारीच्या गंधाराला हात न लावता त्याच तानेतील एकच घसरलेला पंचम सावरता येतो. अर्थात त्यासाठी बसणाऱ्याला दरबारी ठाऊक असावा लागतो.

तानपुरा : नाद की गोंगाट?

पार्श्वभूमीचा गोंगाट काढणारी साधने अलीकडे प्रत्येक कामात लावली जातात. पंख्याची घरघर, वातानुकूलन यंत्राचा आवाज, विजेचा गुणगुणाट हे त्यांचे लक्ष्य असते. गोंगाट ओळखण्याचा त्यांपैकी अनेकांचा निकष सोपा आहे : जो आवाज दीर्घकाळ फारसा न बदलता चालू राहतो तो गोंगाट, आणि जो बदलतो तो ‘कामाचा’ आवाज. हा निकष बोलण्याच्या आवाजावरून बेतलेला आहे. या निकषाने तानपुरा सरळ गोंगाटाच्या बाजूला पडतो.

२०२० च्या टाळेबंदीत ज्या संगीतशिक्षकांनी दूरस्थ वर्ग घेतले त्यांना याचा अनुभव आला. गुरू तानपुरा लावून बसत, आणि शिष्याला पलीकडे फक्त कंठ ऐकू येई. तानपुरा मधूनच उमटे आणि विरून जाई. लांब ठेहराव घेतलेला स्वरही काही सेकंदांनी बुडे. पुष्कळांनी त्याचा दोष इंटरनेटच्या जोडणीला दिला. वास्तविक सभेच्या सॉफ्टवेअरमधील गोंगाट-निवारण आपले काम चोख करीत होते. पुढे संगीतासाठी मूळ ध्वनी तसाच पाठविण्याची सोय अशा सॉफ्टवेअरमध्ये देण्यात आली. ती मुद्दाम चालू करावी लागते.

इक्वलायझरचाही तानपुऱ्याशी असाच अवघड संबंध येतो. मिरजेच्या कारागिराने बेतून लावलेल्या जवारीमुळे तारेच्या मूळ स्वराच्या कितीतरी पट वरचे उपस्वर जिवंत होतात. आजची इक्वलायझर प्लगइन आवाजाचा आलेख पडद्यावर सतत नाचविताना दाखवितात. फॅबफिल्टरचे प्रो-क्यू हे यातील बहुधा सर्वांत लोकप्रिय उदाहरण. आलेखात टोकदार शिखर दिसले की ते कापून टाकावेसे वाटते. डोळ्यांनी ऐकण्याची ही सवय तानपुऱ्यावर चालविली तर कापले जाणारे प्रत्येक शिखर म्हणजे एक उपस्वर असतो.

प्रबलतेची स्पर्धा

लिमिटरविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. १९९४ मध्ये वेव्हज कंपनीचा एल१ हा लिमिटर आला. येणारा आवाज किंचित आधीच पाहून त्याची शिखरे छाटावयाची आणि उरलेला सर्व आवाज वर उचलावयाचा, अशी त्याची पद्धत. प्रत्येकाला आपली सीडी शेजारच्या सीडीपेक्षा मोठी वाजावीशी वाटू लागली आणि जी स्पर्धा सुरू झाली तिचे टोक २००८ मध्ये मेटॅलिका या बँडच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या संग्रहात दिसले. त्याच गीतांची खेळातील आवृत्ती अधिक मोकळी आहे, हे श्रोत्यांच्याच ध्यानात आले. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने प्रबलता मोजण्याचे प्रमाण ठरविले आणि २०१० मध्ये युरोपीय प्रसारण संघाने त्यावर आधारित पातळी निश्चित केली. आता बहुतेक मोठ्या श्राव्यसेवा मोठ्याने वाजणारी ध्वनिफीत आपोआप खाली आणतात, त्यामुळे छाटणीचा लाभ उरला नाही, हानी मात्र उरते. चाळीस मिनिटांच्या ख्यालात पहिल्या मंद्र षड्‌जाचा आणि शेवटच्या द्रुत तानांचा जोर सारखा झाला, तर रागाची बढत आवाजाच्या अंगाने संपुष्टात येते.

जतनाचा प्रश्न

अनेक महाविद्यालयांतील संगीत विभाग आपल्या परिसरातील ज्येष्ठ गायक, कीर्तनकार, शाहीर यांचे ध्वनिमुद्रण करून ठेवतात. हे काम बहुधा एखाद्या स्थानिक ध्वनिमुद्रकाकडे सोपविले जाते आणि विभागाच्या हाती येते ती संस्कारित, अंतिम ध्वनिफीत. मूळ मुद्रण ध्वनिमुद्रकाच्या संगणकात त्याच्या प्लगइनच्या क्रमासह राहते. ते कायम उघडता येईल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. २०१९ मध्ये ॲपलच्या नव्या संगणकप्रणालीने ३२ बिटची सॉफ्टवेअर चालविणे बंद केले आणि असंख्य जुनी प्लगइन एकाएकी मुकी झाली. मार्च २०२३ मध्ये वेव्हज कंपनीने कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून केवळ वर्गणीची पद्धत जाहीर केली. ग्राहकांच्या तीव्र नाराजीनंतर हा निर्णय काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. प्लगइन न सापडल्यास जुना प्रकल्प उघडतो खरा, परंतु त्यातील संस्कार नाहीसे झालेले असतात आणि ते काय होते हे सांगणारे कोणी नसते.

म्हणून ध्वनिमुद्रकाशी करावयाच्या लेखी करारात प्रत्येक ध्वनिग्राहकाचे असंस्कारित मुद्रण साध्या वेव्ह फाइलच्या रूपात विभागाला मिळावे, अशी अट असणे इष्ट होय. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट या मापाने एका ध्वनिग्राहकाचे तासभराचे मुद्रण सुमारे अर्धा गिगाबाइट जागा घेते. चार ध्वनिग्राहकांचे दोन तास चार गिगाबाइटांत मावतात. गायनाला प्रारंभ होण्यापूर्वी, सर्वांनी स्तब्ध बसून, अर्धा मिनिट केवळ खोलीची शांतता आणि त्यानंतर एक मिनिट केवळ तानपुरा मुद्रित करून घ्यावा. पहिल्या तुकड्यावरून गोंगाट-निवारणाच्या साधनाला पंखा कोणता हे दाखविता येते. दुसऱ्यावरून षड्‌ज नेमका किती हर्ट्‌झवर होता हे मोजून आधार वारंवारता बसविता येते, आणि तीस वर्षांनी ही ध्वनिफीत उघडणाऱ्या अभ्यासकालाही तो षड्‌ज मिळतो.